आउटबोर्ड सुरू होत नाही? दोरी ओढत बसण्याआधी या चुका टाळा

होडीच्या मागे बसवलेलं हे आउटबोर्ड इंजिन दोरीच्या दोन झटक्यांत सुरू झालं नाही की नवशिके एकच करतात: आणखी जोरात ओढतात. खांदा निखळायची वेळ येते, पण पेट्रोलच्या टाकीकडे कोणी बघत नाही.

वेगळी टाकी असेल तर आधी झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा. एका मित्राचं इंजिन काठावर झकास सुरू झालं आणि भर पात्रात बंद पडलं. पेट्रोलच्या नळीवरचा बल्ब, म्हणजे हाताने दाबायचा रबरी पंप, दाबला की जरा वेळ चालायचं, पुन्हा बंद. हा गडी हलत्या होडीत कार्बोरेटर उघडायला निघाला! मी बल्ब हातात घेतला तर तो आत ओढला जाऊन पार चपटा झालेला. स्क्रू सैल करताच फुस्सकन हवा आत गेली, बल्ब फुगला, इंजिन चालू. टाकीत हवाच शिरत नसेल तर पेट्रोल बाहेर येणार कसं? म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी स्क्रू, मग बल्ब. इंजिनाकडचं टोक वर धरून तो कडक होईपर्यंत दाबायचा.

किल स्विचची, म्हणजे इंजिन तत्काळ बंद करणाऱ्या बटणाची, क्लिप जागेवर नसेल तर ठिणगीच पडत नाही. क्लिप कायमची अडकवून तिची दोरी अंगाला न बांधणारे महाभाग मला अजिबात खपत नाहीत. माणूस पाण्यात पडला तर होडी तशीच पळत राहते.

गिअर न्यूट्रलमध्येच हवा.

चोक, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी करणारा ओढायचा खटका, फक्त थंड इंजिनाला. पहिली फटफट ऐकू आली की तो हळूहळू आत ढकला. चोक ओढून दोरीवर झटके मारत राहिलात तर प्लग ओला होतो आणि पेट्रोलचा वास सुटतो. मग चोक आत, न्यूट्रलमध्ये थ्रॉटल पूर्ण उघडा आणि काही वेळा ओढा. पेट घेताच थ्रॉटल लगेच कमी. तरीही नाही झालं तर प्लग काढून पुसा आणि थोडं थांबा. घाईने इथे काहीच साधत नाही.

सुरू करायची दोरी आधी सावकाश ओढा, अडकल्यासारखी लागली की एकच लांब, सरळ झटका. परत जाताना हातातून सोडू नका. मागे कोणी उभं नाही ना, तेही बघा.

मागच्या मोसमातलं पेट्रोल मी वापरतच नाही. कार्बोरेटरची बारीक छिद्रं त्यानेच बुजतात.

सुरू झाल्यावर इंजिनातून बाहेर पडणारी थंडाव्याच्या पाण्याची धार बघा. धार नसेल तर इंजिन तत्काळ बंद करा.