घोडे पकडायचा तो जुना पिक्चर बघायचाय? मग असा बघा

'द मिसफिट्स', १९६१ चा, ब्लॅक अँड व्हाईट. लोक मर्लिन मन्रोसाठी लावतात आणि अर्ध्या तासात बंद करतात, कारण रानटी घोडे काही लवकर येत नाहीत. मला लै वाईट वाटतं. माझे आजोबा सोलापूर स्टेशनला टांगा चालवायचे, घोडा आमच्या घरातलाच एक होता, म्हणून हा पिक्चर कसा बघायचा ते मनापासून सांगतो.

दुपारी अजिबात लावू नका. घोडे पकडतात तो भाग अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातल्या एका कोरड्या पडलेल्या, पांढऱ्याफटक तळ्यावरचा आहे आणि आपल्या सोलापूरचं ऊन खिडकीतून आलं की स्क्रीनवर नुसता पांढरा पत्रा दिसतो. रात्री जेवणं उरकली की लावा, रस्त्यावरच्या लाईटचा उजेड येत असेल तर खिडकीला सरळ आपली सोलापुरी चादर टांगा, जाड असते, काम होतं. मोबाईलवर नकोच, घोडा मुंगीएवढा दिसतो. सबटायटल चालू ठेवा.

पिक्चर दोन तासांच्या थोडा वर आहे. सुरुवातीला बोलणंच जास्त: घटस्फोटासाठी नेवाडातल्याच रेनो शहरात आलेली रोझलिन म्हणजे मर्लिन, वय होत चाललेला, 'गे' नावाचा काउबॉय म्हणजे क्लार्क गेबल, विमानवाला ग्विडो, रोडिओत म्हणजे उधळणाऱ्या घोड्या-बैलांवर बसायच्या खेळात आपटणारा, 'पर्स' नावाचा गडी. कंटाळू नका, एवढं लक्षात ठेवा की हे नाटककार आर्थर मिलरनं लिहिलंय, तो तेव्हा मर्लिनचा नवरा, आणि शूटिंग चालू असतानाच त्यांचं लग्न मोडत आलं होतं. गेबल शूटिंग संपल्यावर थोड्याच दिवसांत, नोव्हेंबर १९६० मध्ये गेला. मर्लिनचाही हा शेवटचा पूर्ण झालेला पिक्चर. हे माहीत असलं की दोघांच्या चेहऱ्यावरचा थकवा वेगळा दिसतो.

मंडळी घोडे धरायला डोंगराकडं निघाली की पॉज करा, चहा करून घ्या. पुढं उठायचं नाही.

ग्विडो विमानानं घोड्यांना डोंगरातून खाली हुसकावतो, मग ट्रक मागं लावून फास टाकतात आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला ट्रकचा जड टायर बांधलेला असतो. घोडा पळतो, टायर फरफटत येतो, घोडा दमतो, मग त्याला पाडून पाय बांधतात. इथं नटांकडं बघू नका, घोड्याच्या कानांकडं बघा. कान टवकारले म्हणजे अंदाज घेतोय, मागं मानेला चिकटवले म्हणजे चिडलाय. नाकपुड्या फेंदारतात, बरगड्या भात्यासारख्या हलतात. आजोबा टांगा सोडला की आधी घोड्याच्या मानेवर तळहात ठेवून उभे राहायचे, घाम किती, धाप किती ते बघायचे आणि धाप बसली की मगच तोंडाला तोबरा बांधायचे. तो हात आठवला की टायरला बांधलेला घोडा मला बघवत नाही. आणि ते शिंगरू, आई बांधली गेली तरी तिला सोडून जात नाही.

हे घोडे विकणार कशाला, तर कुत्र्याच्या डबाबंद खाण्याला, वजनावर. तिकडं खरंच असं चालायचं. सरकारी जमिनीवर विमान-गाड्या लावून घोडे धरायला १९५९ मध्ये कायद्यानं बंदी आली, रानटी घोड्यांना पूर्ण संरक्षण १९७१ च्या कायद्यानं मिळालं. बारकी पोरं सोबत असली तर हे आधीच सांगा, नाहीतर ती रडतात.

घरातल्या वारकरी माणसांना जरूर बसवा. अकलूजला तुकोबांच्या पालखीच्या रिंगणात देवाचा घोडा पाठीवर कुणी नसताना मोकळा धावतो, त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात, ते बघितलेल्या माणसाला या पिक्चरचं भाषांतर करून सांगावं लागत नाही. माझ्या आईनं सबटायटल वाचलीच नाहीत, टायरच्या सीनला नुसतं म्हणाली, "सोडा की ओ त्याला."

रोझलिन ओरडते तेव्हा ती लांब, उन्हात ठिपक्याएवढी दिसते आणि आवाज बारीक येतो. तिथं व्हॉल्यूम वाढवू नका, तो तसाच लांबून ऐकायचा आहे.

शेवट सांगत नाही. फक्त गेबल एकटाच घोड्याच्या दोराला धरून फरफटत जातो तो सीन मागं घेऊन परत बघा, या वेळी त्याच्या हातांकडं.