टर्बो गाडीची ताकद वाढवताना या चुका टाळा

कंपनीने बसवलेल्या टर्बोवरच (इंजिनात दाबाने हवा भरणारं यंत्र) ईसीयू रीमॅप करून, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं सॉफ्टवेअर बदलून, पेट्रोल इंजिनाचा टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) साधारण २० ते ३० टक्क्यांनी वाढवता येतो. अवघड आहे ते वाढलेली ताकद टिकवणं. गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत तर बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) किती वाढवला यापेक्षा इंजिन किती थंड ठेवलं, यावरच सगळं ठरतं.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे आधीच कुरकुरणाऱ्या इंजिनावर रीमॅप चढवणं. गाडी ट्यूनरकडे नेण्यापूर्वी ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं यंत्र) लावून लाँग टर्म फ्युएल ट्रिम पाहा, म्हणजे ईसीयूला पेट्रोल सतत किती टक्के कमी-जास्त करावं लागतंय ते. शून्याच्या अलीकडे-पलीकडे ५ टक्के ठीक. आकडा अधिक १० च्या पुढे असेल तर कुठेतरी हवा गळतेय किंवा पेट्रोल कमी पोचतंय. टर्बोकडून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या नळ्या आणि क्लॅम्प यांची स्मोक टेस्ट (धूर सोडून गळती शोधणं) करून घ्या. गळती असली की ठरलेला बूस्ट गाठायला टर्बो गरजेपेक्षा वेगाने फिरतो. रीमॅपनंतर तो ताण आणखी वाढतो आणि टर्बोचं बेअरिंग लवकर जातं.

त्याच वेळी स्पार्क प्लग बदला. दाब वाढला की ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून गॅप (प्लगच्या टोकांमधलं अंतर) ०.६ ते ०.७ मि.मी. ठेवतात. पूर्ण ॲक्सिलरेटरवर गाडी अडखळत असेल तर सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी गॅप मोजा. मोजताना इरिडियमच्या बारीक टोकावर जोर देऊ नका, ते मोडतं.

आता उष्णता. पहिल्या दोन वेळा गाडी जोरात पळते आणि तिसऱ्यांदा मरगळते, ही तक्रार एप्रिल-मेमध्ये हमखास येते. मोले सोडून अनमोड घाट चढताना वेग कमी आणि बूस्ट जास्त असतो, त्यामुळे इंटरकूलरला वारा मिळत नाही. इनटेकचं, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचं, तापमान ६० अंशांच्या वर गेलं की नॉकिंग (मिश्रण भलतंच पेटून इंजिनाला बसणारे ठोके) टाळण्यासाठी ईसीयू इग्निशन मागे खेचतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि पैसे मोजून घेतलेली ताकद तिथेच गळून जाते. अशा वेळी बूस्ट आणखी वाढवून मागणं ही घोडचूक. मोठा इंटरकूलर बसवा. निदान आहे त्याच्या पात्यांमधली लाल माती आणि किडे हलक्या फवाऱ्याने धुऊन काढा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पाती वाकतात. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी मिठाने पाती खाल्ली आहेत का, तेही पाहावं.

रीमॅप नेहमी मिळणाऱ्या पेट्रोलवरच करून घ्या. ठरावीक ऑक्टेनसाठी (नॉकिंग रोखण्याची पेट्रोलची ताकद) बनवलेल्या मॅपवर त्याहून कमी ऑक्टेनचं पेट्रोल भरलं की नॉकिंग आलंच. चोर्ला घाटातून बेळगावला जाणाऱ्यांनी भरवशाचा पंप आधीच ठरवून ठेवावा.

दुसरा मोठा धोका खालच्या आरपीएमला असतो. डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) टर्बो इंजिनात १,५०० आरपीएमला वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला तर मिश्रण ठिणगीआधीच पेटू शकतं, आणि त्यात पिस्टन फुटतो. ट्यूनरला सांगून २,००० ते २,५०० च्या खाली टॉर्क आवरता ठेवा आणि एपीआय एसपी दर्जाचं ऑईल वापरा. ऑईल बदलायला १५,००० किलोमीटरची वाट पाहू नका, ७,५०० ला बदला.

गिअरबॉक्सची मर्यादा तर बरेचजण विचारतच नाहीत. फोक्सवॅगनचं १.५ टीएसआय मुळातच २५० न्यूटन-मीटर देतं, आणि सोबतच्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची टॉर्क पेलण्याची मर्यादाही २५० च आहे. म्हणजे कागदावर जागा शिल्लकच नाही. मॅन्युअल गाडी चौथ्या गिअरमध्ये २,००० आरपीएमवरून पूर्ण दाबून पाहा. आरपीएम उसळला आणि वेग वाढला नाही तर क्लच घसरतोय, तो आधी बदला.

रीमॅपऐवजी वायरिंगमध्ये जोडायचा स्वस्त ट्यूनिंग बॉक्स टाळा. तो बूस्ट सेन्सरचा खोटा आकडा ईसीयूला देतो, आणि संरक्षणासाठी जो आकडा खरा हवा तोच बिघडतो. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू नका. बंपरखाली उघडा एअर फिल्टर नको, जूनमध्ये साचलेल्या पाण्यातून जाताना पाणी ओढलं की कनेक्टिंग रॉड वाकतो.

वॉरंटी जाऊ शकते, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे फेरबदलांवर बंधनं आहेत. विमा कंपनीला लेखी कळवा. मूळ ईसीयू फाईलची प्रत ट्यूनरकडून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.