नेमका साडेपाच तासांचा घोळ

कोल्हापूर मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडतीचं बिलिंगचं विंडोज व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर) प्रॉक्समॉक्सवर, म्हणजे अशी मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, हलवलं आणि सकाळी साडेदहाचं बिल पहाटे पाचचं छापून आलं. दिवाणजी म्हणाले, "पाचला कुठला सौदा निघतोय ओ?"

घड्याळ हातानं लावलं तरी मशीन बंद करून चालू केलं की पुन्हा तेच. टाइमझोन बरोबर होता. पण फरक नेमका साडेपाच तासांचा, म्हणजे यूटीसीचाच (जागतिक प्रमाण वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) खेळ. विंडोज हार्डवेअरचं घड्याळ स्थानिक वेळेचं धरतं. इथं प्रॉक्समॉक्सच्या सेटिंगमध्ये ओएस टाइप (आत कुठली सिस्टिम आहे ते) 'अदर' राहिल्यानं प्रॉक्समॉक्स यूटीसी देत होतं. ऑप्शन्समध्ये 'यूज लोकल टाइम फॉर आरटीसी'ला (आरटीसी म्हणजे तेच हार्डवेअरचं घड्याळ) 'येस' केलं. विंडोजमधून नुसता रीस्टार्ट पुरत नाही, हे कुणी सांगत नाही. व्हीएम पूर्ण शटडाउन करूनच चालू करायचं. पहाटेची बिलं दिवाणजींनी रद्द करून परत काढली, कुरकुरत.