व्हिडिओ ट्रान्सकोडर बनवताय? आधी फाइल तपासा

हौस म्हणून छोटा व्हिडिओ ट्रान्सकोडर (व्हिडिओ एका स्वरूपातून दुसऱ्यात बदलणारा प्रोग्राम) लिहायचा असेल, तर कोडेक (व्हिडिओ-ऑडिओ आकसून साठवणारा आणि पुन्हा उलगडणारा कोड) स्वतः लिहायच्या फंदात पडू नका. ते काम एफएफएमपेग हे मुक्त सॉफ्टवेअर उत्तम करतं. तुमच्या प्रोग्रामने त्याला नेमक्या आज्ञा द्यायच्या.

खरा विचार लागतो तो त्याआधी. प्रत्येक फाइल एफएफप्रोबने (एफएफएमपेगसोबत येणारं तपासणीचं साधन) तपासा आणि माहिती जेसन या प्रोग्रामला सहज वाचता येणाऱ्या स्वरूपात मागवा. एमकेव्ही फाइलच्या आत पुष्कळदा एच.२६४ कोडेकचा व्हिडिओ आणि एएसी कोडेकचा ऑडिओच असतो, आणि हे दोन्ही एमपी४मध्येही चालतात. तिची एमपी४ करायला पुन्हा एन्कोडिंग कशाला? व्हिडिओ आणि ऑडिओ या दोन्ही स्ट्रीम जशाच्या तशा कॉपी करा. काम चटकन उरकतं आणि दर्जा तसूभरही घटत नाही. बाकी काही जमलं नाही तरी एवढी सोय टूलमध्ये हवीच.

एन्कोड करावंच लागलं, तर बिटरेटचे (दर सेकंदाला लागणाऱ्या डेटाचे) आकडे जुळवत बसण्यापेक्षा सीआरएफ हा दर्जा ठरवणारा आकडा वापरा; तो जितका लहान, तितका दर्जा चांगला. एक्स२६४ या एच.२६४ एन्कोडरमध्ये तो मुळात २३ असतो. १८ केला तर बहुतेकांना मूळ चित्राशी फरक जाणवत नाही, फाइल मात्र फुगते; ६ने वाढवला की बिटरेट साधारण निम्म्यावर येतो. जुन्या टीव्ही-फोनवरही चालावं म्हणून पिक्सेल फॉरमॅट (रंगांची माहिती साठवायची पद्धत) ८ बिटचा वाययूव्ही४२०पी ठेवा.

आज्ञा एका लांब ओळीत जोडून शेलकडे (टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम) देऊ नका, आर्ग्युमेंटची, म्हणजे आज्ञेच्या सुट्या भागांची, यादी द्या. नाहीतर ‘ताईचं लग्न (भाग २)’ अशी मोकळी जागा आणि कंस असलेल्या नावाची फाइल आली की टूल अडखळेल. आउटपुट आधी तात्पुरत्या नावाने लिहा, काम यशस्वी झाल्यावरच खरं नाव द्या.