ओडिसियसच्या सागरप्रवासाचा तक्ता कसा मांडावा

ट्रॉयच्या युद्धानंतर ओडिसियस आपल्या इथाका बेटावर कसा परततो ते सांगणाऱ्या होमरच्या 'ओडिसी' या ग्रीक महाकाव्यात २४ सर्ग आहेत. त्यातली खरी भटकंती ९ ते १२ या चार सर्गांत येते, तीही फीएशियन लोकांच्या अल्किनूस राजाच्या दरबारात ओडिसियसच्याच तोंडून. पाचव्या सर्गात तो आपल्याला प्रथम भेटतो, तेव्हा कॅलिप्सो या अप्सरेच्या ओगिगिया बेटावर त्याची सात वर्षे सरलेली असतात. त्यामुळे पाने उलटत तक्ता भरला तर क्रम हमखास चुकतो. आधी ९ ते १२ वाचा, मग ५, आणि शेवटी १३ चा पूर्वार्ध.

रकाने पाच घ्या: मुक्काम, दिवस, जहाजे, गमावलेली माणसे, वारा. ट्रॉयसमोर जहाजे १२ लिहा. पहिला मुक्काम इस्मारोस. तिथे किकोनी लोकांनी दर जहाजामागे ६ माणसे मारली, म्हणजे ७२. पुढे ग्रीसच्या दक्षिण टोकाच्या मलीआ भूशिरावरून वाऱ्याने भरकटवले. नऊ दिवसांनंतर, दहाव्या दिवशी कमळभक्षकांचा किनारा. पॉलिफीमस या एकाक्ष राक्षसाच्या गुहेतले ६ बळी फक्त ओडिसियसच्या जहाजातले आहेत, कारण बाकीची ११ जहाजे समोरच्या बेटावरच थांबली होती.

वाऱ्यांचा रखवालदार इओलस याच्याकडे एक महिना. मग पश्चिमेचा वारा, दहाव्या दिवशी इथाका नजरेच्या टप्प्यात, आणि नेमकी तेव्हाच खलाशांनी त्याने दिलेली वाऱ्यांची पिशवी सोडली. सहा दिवस वल्ही मारल्यावर लेस्ट्रिगोनियन या नरभक्षक राक्षसांचे बंदर. जहाजांच्या रकान्यात इथे १२ वरून थेट १ होतो. ती एकेक करून बुडाली असे अनेकांना वाटते, पण ११ जहाजे अरुंद बंदरात शिरून अडकली आणि एकदमच नष्ट झाली. ओडिसियसने आपले बाहेर बांधले, म्हणून वाचले.

चेटकीण सर्सीसाठी दोन ओळी ठेवा: पाताळात जाण्यापूर्वी वर्षभर, आणि तिथेच मेलेल्या एल्पेनोर या खलाशाच्या अंत्यविधीसाठी परत. माणसांचा हिशेब इथेच पडताळा. युरिलोकस या सोबत्याबरोबर २२ जण निघतात आणि तेवढीच दुसरी तुकडी मागे राहते, म्हणजे ओडिसियस धरून सुमारे ४६. एल्पेनोर आणि सिला या समुद्रराक्षसीने उचललेले ६ वजा केले की ३९ उरतात. सूर्यदेवाच्या थ्रिनाकिया बेटावर महिनाभर दक्षिणवारा अडवून धरतो, सूर्याची गुरे मारली जातात आणि जहाज फुटल्यावर फक्त ओडिसियस उरतो. यानंतरची कॅरिब्डिस या भोवऱ्याची दुसरी भेट (पहिली सिलाजवळून जाताना) बहुतेक तक्त्यांतून गळते: तो फुटक्या लाकडांवर मागे वाहत जातो, अंजिराच्या झाडाला लटकतो, आणि नऊ दिवस वाहून ओगिगियाला लागतो.

तिथून २० झाडे तोडून चार दिवसांत तराफा, १७ दिवस सप्तर्षी डाव्या हाताला, म्हणजे दिशा पूर्व. अठराव्या दिवशी फीएशियन लोकांचा किनारा दिसतो, पण समुद्रदेव पोसायडन तराफा मोडतो. पुढे दोन दिवस, दोन रात्री पोहणे. तिथून इथाकापर्यंत एकच रात्र.

नकाशावर मलीआपर्यंतच खुणा करा. पुढची ठिकाणे सिसिलीभोवती बसवण्याचा प्रघात जुनाच. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनीस या ग्रीक भूगोलज्ञाने त्याची थट्टा केली होती: वाऱ्यांची पिशवी शिवणारा चांभार शोधून काढा, मग ओडिसियस कुठे भटकला तेही कळेल. दिशाही जुळत नाहीत. सर्सीचे बेट एकीकडे सूर्योदयाच्या बाजूला सांगितले आहे. बाकीच्या प्रवासाचा रोख मात्र पश्चिमेचा वाटतो.

शेवटी काळाची बेरीज करा. कॅलिप्सोची सात वर्षे, सर्सीचे एक, आणि बाकी दिलेले दिवस मिळून साडेआठ वर्षेही भरत नाहीत, पण ओडिसियस पोहोचतो विसाव्या वर्षी, म्हणजे युद्धानंतर दहाव्या. ही तूट भरायला मुक्काम ताणू नका. ती जागा कोरी सोडा.