पोलीस भरतीचं धावणं: दम वाढला म्हणून नडगी तयार झाली असं समजू नका

जाहिरात निघाली की गावोगावच्या मैदानांवर पहाटे पाचलाच गर्दी होते. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचं असतं, त्याला २० गुण. पोरं जीव तोडून धावतात आणि ग्राउंडची तारीख यायच्या आधीच कित्येकजण नडगी धरून घरी बसतात. मेहनतीत ती कुठेच कमी नसतात, पण शरीरातल्या सगळ्या यंत्रणा एका वेगाने तयार होत नाहीत हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

नियमित धावू लागलं की काही आठवड्यांत हृदय एका ठोक्याला जास्त रक्त फेकू लागतं, स्नायू ऑक्सिजन नीट वापरू लागतात आणि दम लागणं कमी होतं. हाडाचं काम सावकाश चालतं. ताण पडला की आधी जुना भाग काढला जातो, मग तिथे नवं हाड भरतं. याला महिने लागतात आणि मधल्या काळात ती जागा कच्चीच असते. नेमका तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अंगात जोर येतो आणि दोन फेऱ्यांच्या सहा फेऱ्या होतात. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. अंतर दर आठवड्याला थोडं थोडंच वाढवा आणि जाहिरातीची वाट न बघता चार-सहा महिने आधी सुरुवात करा.

नडगी दुखतेच आहे तर खाली बसा आणि हाडाच्या आतल्या कडेवरून अंगठ्याने गुडघ्याखालून घोट्यापर्यंत दाबत या. चार-पाच बोटं लांबीच्या पट्ट्यात ठणकत असेल तर धावणं निम्म्यावर आणा, डांबरी रस्ता सोडून मातीवर या, झिजलेले बूट बदला. पण एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाएवढ्या जागेत कळ येत असेल, रात्री पडल्यापडल्याही दुखत असेल किंवा त्या पायावर उडी मारवत नसेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. त्याच दिवशी धावणं थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. अशी चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे नॉर्मल आला म्हणून लगेच पळायला लागू नका. पेनकिलर घेऊन धावणं तर अजिबात नको. दुखणं दबतं, चीर वाढत राहते, आणि अंगात पाणी कमी असताना या गोळ्या मूत्रपिंडालाही त्रास देतात.

सोळाशेतली ठरलेली चूक म्हणजे पहिले तीनशे मीटर शर्यतीसारखे काढणं. स्नायूंना ऑक्सिजनचा पुरवठा पूर्ण सुरू व्हायलाच मिनिटभर लागतं. तेवढ्यात जोर लावला की तिसऱ्या फेरीत पाय दगड होतात. पूर्ण गुणांसाठी ५ मिनिटं १० सेकंद हवीत, म्हणजे ४०० मीटरची फेरी साधारण ७७ ते ७८ सेकंदांत. पहिली फेरीही तेवढ्यातच काढायची सवय लावा. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात ते लॅक्टिक अ‍ॅसिड साचल्यामुळे, असं मैदानावर सगळेच सांगतात. ते साधारण तासाभरात निघून जातं. दुखतात त्या स्नायूंना पडलेल्या सूक्ष्म जखमा, म्हणून जोराच्या सरावानंतर एक दिवस हलकाच ठेवा.

मुलींनो, महिनाभर मनापासून पळूनही टायमिंग हलत नसेल तर आधी हिमोग्लोबिन तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारंच कमी असेल तर जास्त पळून काही उपयोग नाही. जेवणाला लागून चहा टाळा, भाजी-डाळीवर लिंबू पिळा, गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. सराव वाढवल्यावर पाळी थांबली तर "व्यायामामुळे होतं" म्हणून सोडून देऊ नका. बहुतेकदा खाणं कमी पडत असतं आणि त्यात हाडं ठिसूळ होतात. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांकडे जायलाच हवं.

उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, तोवर वेग कमी ठेवा. धावताना सोबतचा कुणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर त्याला नुसतं बसवून ठेवू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर गार पाणी ओतत राहा, वारा घाला आणि तेवढ्यात दुसऱ्या कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.