डेडलाइन डिसेंबरची असेल तर खिडकीवर जूनमध्ये या

परदेशात एम.एस. करायचं ठरलं की मुलं आधी युनिव्हर्सिट्यांची यादी करत बसतात. करा, पण त्याच आठवड्यात कॉलेजच्या ऑफिसातही एक चक्कर मारा. मी दादरच्या एका कॉलेजात परीक्षा विभागाच्या खिडकीमागे बसते. मुलांचं घोडं अडतं ते कागदांपाशी. आयईएलटीएसची (इंग्रजीच्या परीक्षेची) तारीख पैसे भरून मिळते, शिक्का तसा मिळत नाही.

हिशेब शेवटच्या तारखेपासून मागे मोजायचा. अमेरिकेच्या फॉल (ऑगस्ट-सप्टेंबरच्या) प्रवेशाच्या बऱ्याच मुदती डिसेंबर-जानेवारीत संपतात. त्याआधी आमच्याकडे गणपती, मग परीक्षा, मग दिवाळीची सुट्टी. जर्मनीत हिवाळी सेमिस्टरसाठी बऱ्याच ठिकाणी १५ जुलैपर्यंत अर्ज घेतात, काही कोर्सेसची मुदत त्याच्याही आधी संपते. शिवाय एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचं जर्मन दूतावासाच्या केंद्राने तपासून दिलेलं) नोव्हेंबर २०२२पासून आपल्या मुलांना व्हिसासाठी सक्तीचं आहे आणि अनेक युनिव्हर्सिट्या ते अर्जासोबतच मागतात. जर्मनीवाल्यांनी ते काम आदल्या दिवाळीतच हातात घ्यावं.

आता नावाचं बघा. आपल्या मुंबई विद्यापीठाच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं, वडिलांचं आणि शेवटी आईचं नाव. समजा, ‘कदम स्नेहल सुरेश मंदा’. पासपोर्टवर आडनाव कदम, नाव स्नेहल सुरेश. ही मंदा कोण, हे तिकडच्या माणसाला कसं कळणार? अर्जात नाव पासपोर्टप्रमाणेच भरा आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून ठेवा. स्पेलिंगच चुकलं असेल तर मात्र मार्कशीट दुरुस्त करून घ्या, आणि सगळ्यात आधी तेच काम काढा.

ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या गुणांच्या एकत्रित अधिकृत दाखल्यासाठी, सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट काढून ठेवा, केटीसकट. नापासाची मार्कशीट कशाला जपायची म्हणून मुलं फेकून देतात आणि मग दुय्यम प्रतीसाठी कलिन्याला परीक्षा भवनात खेटे घालतात. ट्रान्सक्रिप्टची सीलबंद पाकिटं मागायची तर एकदमच जास्तीची मागा. घरी नेऊन उघडू नका! ‘आईला बघायचं होतं’ म्हणून फोडलेलं पाकीट बाद होतं.

जर्मनीतली युनिव्हर्सिटी निवडताना आपल्या गुणांची जर्मन ग्रेड स्वतः काढून बघा, कन्सल्टंटला त्यासाठी पैसे देऊ नका. कमाल गुणांतून आपले गुण वजा करा, त्याला कमाल आणि पासिंगमधल्या फरकाने भागा, ३ने गुणा, १ मिळवा. सीजीपीआय (सगळ्या सेमिस्टरची सरासरी ग्रेड) १०पैकी ७.६ आणि पासिंग ४ असेल तर उत्तर २.२ येतं. तिकडे १ सर्वोत्तम, त्यामुळे आकडा जितका लहान तितकं बरं.

पैशांचं घरी आधीच बोला. जर्मनीच्या ब्लॉक्ड अकाउंटची (व्हिसासाठी राहण्या-खाण्याचा खर्च आधीच भरून ठेवायच्या खात्याची) रक्कम सप्टेंबर २०२४पासून वर्षाला ११,९०४ युरो झाली. १८९२पासून चालू असलेल्या जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्तीही बघा.

शिफारसपत्रासाठी सरांना ‘द्याल का?’ एवढंच विचारू नका. कुठल्या वर्षी कुठला विषय शिकवला, प्रोजेक्टमध्ये तुम्ही काय केलं, हे एका पानावर लिहून द्या. बहुतेक ठिकाणी पत्र पाठवायची लिंक थेट सरांच्या ई-मेलवर जाते आणि काही युनिव्हर्सिट्यांना जीमेल चालत नाही, कॉलेजचाच पत्ता लागतो. अर्ज भरल्यावर सरांना फोन करून स्पॅम बघायला सांगा. पेपर तपासणी सुरू झाली की कुणी मेल उघडत नाही.